अमाइनला एकावर थांबवायचं कसं

गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीत उकळणाऱ्या रसाकडे बघत असतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून पाहतो आणि वेळ आली की काहील उतरवायला सांगतो. रसाचा पाक होतो आणि पाकाचा गूळ होतो. एक टप्पा संपल्यावर दुसरा येतो, म्हणून योग्य क्षणी उतरवणं शक्य असतं.

प्राथमिक अमाइनवर, म्हणजे नायट्रोजनवर एकच कार्बनी गट असलेल्या रेणूवर, आणखी फक्त एक गट बसवायला अल्किल ब्रोमाइड टाकून रिअ‍ॅक्शन लावणारे विद्यार्थी हेच करायला जातात. दर वीस मिनिटांनी टीएलसी मारतात, म्हणजे सिलिकाच्या प्लेटवर पदार्थांचे ठिपके वेगळे करून बघतात, आणि दुय्यम अमाइनचा (दोन गटांच्या) स्पॉट ठळक झाला की थांबवू म्हणतात. ते जमत नाही, कारण इथे टप्पे एकामागून एक येत नाहीत, सगळे एकदमच सुरू होतात. पहिला अल्किल गट बसला की तयार झालेलं दुय्यम अमाइन मूळ अमाइनपेक्षा मंद नसतं, बऱ्याचदा जास्त चपळ असतं. त्यात आणखी एक गुंता आहे. पहिल्या फेरीत सुटलेलं हायड्रोब्रोमिक आम्ल फ्लास्कमधल्या अमाइनलाच चिकटतं आणि त्याचा क्षार करतं. बेस घातला नाही तर निम्मं अमाइन क्षार होऊन बसून राहतं. बेस घातला तर सगळीच अमाइन्स मोकळी होतात आणि तिसऱ्या, चौथ्या फेरीपर्यंत धावतात. एकास एक प्रमाण घेतलं तरी शेवटी मूळ अमाइन, दुय्यम, तृतीयक (तीन गटांचं) आणि थोडा चतुर्थक (चार गटांचा) क्षार अशी मिसळ मिळते. अमाइन दहा पट घेतलं तर काम भागतं, पण ते अमाइन स्वस्त आणि सहज उडून जाणारं असेल तरच.

म्हणून या पोस्टमध्ये एकच मुद्दा धरून चाललो आहे. निवडकपणा घड्याळ बघून मिळत नाही. दुसरी फेरी होऊच शकणार नाही असा मार्ग निवडावा लागतो. त्यासाठी आज हाताशी असलेल्या पद्धती, त्यांची वजनं-मापं आणि त्या कुठे फसतात ते पुढे लिहिलं आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला बसलेल्यांना, आणि लोटे, महाड किंवा कुरकुंभच्या आर अँड डी लॅबमध्ये नुकत्याच लागलेल्यांना हे उपयोगी पडावं.

आधी बाटली बघा

अमाइनच्या निम्म्या तक्रारी बाटलीतच असतात. बेन्झिलअमाइनच्या झाकणाभोवती पांढरी खरपुडी दिसली तर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी झालेलं कार्बामेट असतं. ती खरवडून बाजूला केली म्हणजे झालं असं नाही, कारण बाटलीतल्या द्रवातही ते विरघळलेलं असतं आणि तुम्ही मोजलेला मिलीमोल पूर्ण मिलीमोल नसतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर ठेवून डिस्टिल करा आणि नायट्रोजनखाली साठवा. अ‍ॅनिलिन तपकिरी झालं असेल तर चिमूटभर जस्ताची पूड घालून डिस्टिल करा, रंगहीन येतं.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात उघडी ठेवलेली कोणतीही पावडर पाणी पिते. सोडियम टर्ट-ब्युटॉक्साइड, सीझियम कार्बोनेट आणि सोडियम ट्रायअ‍ॅसिटॉक्सीबोरोहायड्राइड या तिघांचं पावसाळ्यात हमखास वाटोळं होतं. मोठी बाटली पुन्हा पुन्हा उघडण्यापेक्षा कोरड्या दिवशी पाच-पाच ग्रॅमच्या छोट्या वायल भरा, पॅराफिल्म लावा आणि डेसिकेटरमध्ये ठेवा. मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र गोळ्या, मफल फर्नेसमध्ये ३०० अंशांवर किमान तीन तास तापवून व्हॅक्यूमखाली गार करा. कोरडे झाले की नाही हे बघायचं असेल तर हातमोजा घातलेल्या तळहातावर चार गोळ्या घेऊन थेंबभर पाणी टाका. चांगले असतील तर चटका बसण्याइतके तापतात. मिथेनॉलमध्ये वापरायचे असतील तर ३ अँगस्ट्रॉमचे घ्या. ४ अँगस्ट्रॉमच्या छिद्रांत मिथेनॉल स्वतःच शिरतं आणि पाण्याला जागा उरत नाही.

अल्डिहाइडच्या वाटेने: रिडक्टिव्ह अमिनेशन

अमाइन आणि अल्डिहाइड एकत्र आले की पाणी बाहेर पडून इमाइन होतं, आणि इमाइन रिड्यूस केलं की दुय्यम अमाइन मिळतं. इमाइन पूर्ण झाल्यावरच रिड्यूसिंग एजंट टाकला तर दुय्यम अमाइन जन्माला येईपर्यंत फ्लास्कमध्ये अल्डिहाइड शिल्लकच नसतं. मग दुसरी फेरी करणार कशाशी? एकावर थांबण्याचा इतका सरळ उपाय दुसरा नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

उदाहरण आपल्या उसाच्या पट्ट्यातलंच घेऊ. चिपाडात पेंटोसान भरपूर असतात. आम्लाबरोबर तापवले की त्यातून झायलोज सुटते, तिच्यातून पाण्याचे तीन रेणू जातात आणि फरफ्युराल उरतं. अमेरिकेत १९२०च्या दशकात ओटच्या टरफलांपासून त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं, पण कच्चा माल म्हणून उसाची चिपाडंही तितकीच चालतात. फरफ्युरालपासून मिळणारं फरफ्युरिलअमाइन फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधासाठी लागतं. म्हणजे हे उदाहरण नुसतं पुस्तकी नाही.

१० मिलीमोलची मापं अशी. फरफ्युराल ०.९६ ग्रॅम, म्हणजे ०.८३ मिलिलिटर. बेन्झिलअमाइन १.०७ ग्रॅम, म्हणजे १.०९ मिलिलिटर. मिथेनॉल २० मिलिलिटर. फरफ्युराल ताजं डिस्टिल केलेलंच हवं. बाटलीतलं काळं झालेलं घेतलं तर पुढे कॉलमवर तपकिरी पट्टा अखेरपर्यंत पिच्छा सोडत नाही. कमी दाबाखाली डिस्टिल केलं की फिकट पिवळं येतं, ते त्याच दिवशी वापरा.

१०० मिलिलिटरच्या आरबीमध्ये (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये) मिथेनॉल आणि अमाइन घ्या, ढवळत अल्डिहाइड थेंबाथेंबाने सोडा, ३ अँगस्ट्रॉमचे सीव्ह साधारण २ ग्रॅम टाका आणि खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास ठेवा. इथे पहिली फसगत होते. टीएलसीवर अल्डिहाइडचा स्पॉट दिसतच राहतो आणि विद्यार्थी रात्रभर वाट बघतात. खरं तर इमाइन कधीच तयार झालेलं असतं, सिलिकाच्या आम्लाने ते प्लेटवरच फुटतं आणि अल्डिहाइड परत दिसतं. यावर दोन उपाय आहेत. चार थेंब काढून मिथेनॉल उडवा आणि एनएमआर घ्या. अल्डिहाइडचा प्रोटॉन ९.६ पीपीएमच्या जवळ असतो, तो गेला आणि ८.१ च्या आसपास नवा सिंगलेट आला की इमाइन पूर्ण झालं. एनएमआरची रांग मोठी असेल तर दोन थेंब वायलमध्ये घेऊन त्यात चिमूटभर बोरोहायड्राइड टाका, पाच मिनिटांनी त्याचं टीएलसी करा. फरफ्युरिल अल्कोहोलचा स्पॉट आला तर अल्डिहाइड अजून मोकळं आहे.

इमाइन पूर्ण झालं की बर्फाच्या बाथमध्ये बसवा आणि सोडियम बोरोहायड्राइड ०.५७ ग्रॅम, म्हणजे १५ मिलीमोल, चार-पाच हप्त्यांत १५-२० मिनिटांत घाला. कागदावरच्या हिशोबाने पाव इक्विव्हॅलंट (इमाइनच्या मोलच्या पाव पट) पुरतो, कारण एका बोरोहायड्राइडमध्ये चार हायड्राइड असतात. पण मिथेनॉल स्वतःच त्याला खातं आणि हायड्रोजन सोडतं, म्हणून दीड घ्यायचा. एकदम ओतला तर फेस गळ्यातून बाहेर येतो. स्टॉपर घट्ट लावू नका, वायूला वाट ठेवा आणि जवळ ज्योत नको.

तासाभराने सीव्ह गाळून काढा, १० मिलिलिटर पाणी घाला, मिथेनॉल रोटाव्हॅपवर काढा आणि २० मिलिलिटर इथिल अ‍ॅसिटेटने तीनदा एक्स्ट्रॅक्ट करा. शंभर टक्के उत्पादन म्हणजे १.८७ ग्रॅम. क्रूडचं, म्हणजे शुद्ध न केलेल्या मालाचं, वजन त्याहून जास्त भरलं तर आनंद मानू नका, त्यात बोरॉनचे क्षार किंवा सॉल्व्हंट असतं. इतर अमाइन्ससाठी जोरदार हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून मग बेसने परत काढणं ही छान युक्ती आहे, पण फ्युरानच्या बाबतीत ती नको. तीव्र आम्लात रिंग उघडते आणि डांबर होतं. १० टक्के सायट्रिक आम्ल, थंड, आणि काम उरकून लगेच सोडियम कार्बोनेटने मोकळं करा. कॉलम लावायचा असेल तर सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायइथिलअमाइन घाला, नाहीतर अमाइन सिलिकावर शेपटी सोडत उतरतं.

एकावरच थांबलं का, हे तीन प्रकारे तपासा. निनहायड्रिनने प्राथमिक अमाइन जांभळं होतं, दुय्यम होत नाही किंवा फिकट पिवळट होतं, म्हणजे उरलेलं बेन्झिलअमाइन लगेच कळतं. मास स्पेक्ट्रममध्ये १८८ हवं. २६८ दिसलं तर दोनदा अल्किलेशन झालेलं आहे. एनएमआरमध्ये ३.८ पीपीएमजवळ दोन्ही मिथिलीनचे मिळून चार प्रोटॉन आणि ६.१ ते ६.४ मध्ये फ्युरानचे दोन, हे प्रमाण जुळलं पाहिजे. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला शिकलेली हिन्सबर्ग टेस्टही अजून चालते, पण मिसळीत तिच्यावर विसंबू नका.

अ‍ॅनिलिन घेतलं तर एक वेगळंच प्रकरण उभं राहतं. अ‍ॅरोमॅटिक अमाइन मंद असतं, म्हणून सवयीने कुणीतरी दोन थेंब अ‍ॅसेटिक आम्ल टाकतं आणि फ्लास्क लालभडक होतो. आम्लात फरफ्युराल दोन अ‍ॅनिलिन घेऊन रिंग उघडतं आणि लाल रंगाचा स्टेनहाउस क्षार होतो. पेंटोज साखर ओळखायची जुनी अ‍ॅनिलिन अ‍ॅसेटेटची चाचणी यावरच उभी आहे. तेव्हा फरफ्युराल आणि अ‍ॅनिलिन या जोडीत आम्ल अजिबात नको. टोल्युइनमध्ये डीन-स्टार्क लावून पाणी काढा.

दोन टप्पे करायला वेळ नसेल किंवा कीटोन असेल तर सोडियम ट्रायअ‍ॅसिटॉक्सीबोरोहायड्राइड वापरा. १९९६ मध्ये अब्देल-मगीद आणि सहकाऱ्यांनी त्यावर मोठा लेख लिहिला आणि तेव्हापासून ते औषध कंपन्यांचं रोजचं हत्यार झालं. ते इमाइनला अल्डिहाइडपेक्षा बरंच लवकर रिड्यूस करतं, म्हणून सगळं एकाच वेळी टाकता येतं. १० मिलीमोल अमाइनला १० मिलीमोल अल्डिहाइड आणि १४ मिलीमोल, म्हणजे २.९७ ग्रॅम रिएजंट, डायक्लोरोइथेन किंवा टीएचएफमध्ये. डायक्लोरोइथेन विषारी आहे, टीएचएफ थोडं मंद असलं तरी मी तेच सुचवेन. कीटोन असेल तर एक इक्विव्हॅलंट अ‍ॅसेटिक आम्ल घाला आणि रात्रभर ठेवा. मिथेनॉलमध्ये मात्र हे कधीच करू नका, रिएजंट काही मिनिटांत मरतं. रिअ‍ॅक्शन दोन-तीन दिवस रेंगाळली तर मासमध्ये २८ किंवा ४२ ने जास्त वजनाचे पीक येऊ लागतात. ते रिएजंटच्याच अ‍ॅसिटेटमधून आलेले इथिल आणि अ‍ॅसेटिल गट. सोडियम सायनोबोरोहायड्राइड अजून बऱ्याच कपाटांत असतं. आम्लात ते हायड्रोजन सायनाइड सोडतं, त्यामुळे पर्याय असताना ते उघडू नये असं माझं ठाम मत आहे.

या वाटेवर एकच अल्डिहाइड दगा देतं, ते फॉर्मल्डिहाइड. प्राथमिक अमाइनवर नुसता एक मिथिल बसवायला गेलात तर दोन बसतात. फॉर्मिक आम्लाबरोबरची एश्वाइलर-क्लार्क पद्धत तर डायमिथिलसाठीच आहे. एकच मिथिल हवा असेल तर आधी बेन्झाल्डिहाइडने एक बेन्झिल बसवा, मग फॉर्मल्डिहाइडने मिथिल, शेवटी पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजनने बेन्झिल काढा. टप्पे तीन, पण हाती एकच पदार्थ येतो. दुसरा रस्ता म्हणजे इथिल फॉर्मेटने फॉर्मामाइड करून ते लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडने रिड्यूस करणं. तिथेही अमाइन एकदाच अडवलं जातं.

पॅलेडियम-कार्बनबद्दल एक ओळ लाल शाईने लिहून भिंतीवर लावावी अशी: कोरडा कॅटॅलिस्ट मिथेनॉलच्या वाफेत कधीही टाकू नका. फ्लास्कमध्ये आधी नायट्रोजन भरा, त्यात कॅटॅलिस्ट टाका आणि मग सॉल्व्हंट हळूच कडेने सोडा. पाण्याने ५० टक्के ओला केलेला कॅटॅलिस्ट मिळतो, तोच मागवा. गाळल्यावर सेलाइटचा थर कोरडा पडू देऊ नका, पाण्याने भिजवून वेगळ्या डब्यात टाका. कचऱ्याच्या टोपलीत लागलेल्या आगीचं कारण बऱ्याचदा हेच असतं. आणि फरफ्युरालच्या उदाहरणात हायड्रोजन वापरू नका, फ्युरानची रिंगही सॅच्युरेट होऊ लागते.

अल्कोहोलच्या वाटेने: हायड्रोजन उसना घ्यायचा

अल्डिहाइड काळं पडतं आणि टिकत नाही. अल्कोहोल वर्षानुवर्षं बाटलीत शांत बसतं. मग अल्कोहोलच थेट का वापरू नये? कॅटॅलिस्ट अल्कोहोलमधून दोन हायड्रोजन काढून घेतो, अल्डिहाइड तयार होतं, ते अमाइनशी इमाइन करतं, आणि कॅटॅलिस्ट उसने घेतलेले तेच दोन हायड्रोजन इमाइनला परत देतो. बाहेर पडतं फक्त पाणी. हॅलाइडचा क्षार नाही आणि बोरॉनचा गाळही नाही. निकेलवर १९३२ मध्येच विनन्स आणि अ‍ॅडकिन्स यांनी अल्कोहोलने अमाइनचं अल्किलेशन केलं होतं. विरघळणारे कॅटॅलिस्ट १९८१ मध्ये आले, ग्रिग यांचं ऱ्होडियम आणि वातानाबे यांचं रुथेनियम. पुढे फुजिता-यामागुची यांचं इरिडियम आणि विल्यम्स यांचं रुथेनियम-डायफॉस्फिन यांनी पद्धत रोजच्या वापरात आणली.

निवडकपणा इथे कुठून येतो, हे नीट समजून घ्या. अल्डिहाइड कोणत्याही क्षणी अगदी थोडंसंच असतं, तेही लगेच प्राथमिक अमाइन उचलतं. दुय्यम अमाइन इमाइन करू शकत नाही. त्याला इमिनियम किंवा एनामाइनच्या आडवाटेने जावं लागतं आणि त्यात बरेचदा वेळ जातो. अल्कोहोल एकास एक ठेवलं तर दुसऱ्या फेरीला ते उरतही नाही.

१ मिलीमोलचं माप: रुथेनियम पी-सायमीन डायक्लोराइड डायमर १५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मोल टक्के, पण एका डायमरमध्ये दोन रुथेनियम असल्याने धातू ५ मोल टक्के. डीपीपीएफ हा लिगंड (धातूला धरून त्याचं वागणं ठरवणारा रेणू) २८ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मोल टक्के. बेन्झिल अल्कोहोल १०८ मिलिग्रॅम, प्राथमिक अमाइन १ मिलीमोल, कोरडं टोल्युइन १ मिलिलिटर, थोडे ३ अँगस्ट्रॉमचे सीव्ह. नायट्रोजन १५ मिनिटं बुडबुडवा, मग रिफ्लक्सवर २४ तास.

आता बिघाड. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे कंडेन्सरवरून नायट्रोजनचा जोरदार प्रवाह चालू ठेवणं. कॅटॅलिस्टकडचा उसना हायड्रोजन त्या वाऱ्याबरोबर उडून जातो, परत द्यायला काही उरत नाही आणि रिअ‍ॅक्शन इमाइनवरच अडकते. नायट्रोजन आत भरा आणि बंद करा, नुसता फुगा पुरे. त्याहून बरी म्हणजे जाड काचेची सील्ड ट्यूब, अर्ध्याहून कमी भरलेली, शील्डमागे ठेवलेली. तिचा कोल्हापुरात आणखी एक फायदा आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि टोल्युइन ११०.६ ऐवजी १०८ च्या जवळ. पेपरात टोल्युइन रिफ्लक्स लिहिलेलं असतं ते समुद्रकाठच्या लॅबमधलं असेल तर आपली रिअ‍ॅक्शन दोनेक अंश थंड चाललेली असते. एरवी त्याने बिघडत नाही, पण काठावरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये २४ तासांचे ३० होतात. सील्ड ट्यूबमध्ये बाथ ११५ वर ठेवला की प्रश्न मिटतो.

शेवटी क्रूडमध्ये इमाइन दिसलंच तर टाकून देऊ नका. मिथेनॉल आणि थोडं सोडियम बोरोहायड्राइड घालून अर्धा तास ढवळा, दुय्यम अमाइन मिळतं.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमुळे इथे प्रत्येकाला इथेनॉल वापरावंसं वाटतं, आणि वाटावंही. पण बेन्झिल अल्कोहोलच्या मानाने साध्या अ‍ॅलिफॅटिक अल्कोहोलमधून हायड्रोजन काढणं जड जातं, त्यामुळे तापमान आणि वेळ दोन्ही वाढवावे लागतात. रेक्टिफाइड स्पिरिट चालत नाही, त्यातल्या पाच टक्के पाण्याने इमाइन मागे फिरतं. डिनेचर केलेलं तर नकोच, त्यात मिसळलेली द्रव्यं कॅटॅलिस्टवर बसतात. डायॉल मात्र इथे फार सुंदर चालतात: १,४-ब्युटेनडायॉलने प्राथमिक अमाइनचं पायरोलिडीन होतं, १,५-पेंटेनडायॉलने पिपरिडीन. दोन्ही टोकं त्याच नायट्रोजनवर येतात, तेव्हा दुसरी फेरी हवीच असते.

अ‍ॅरिल गट बसवायचा असेल तर

हा विषय स्वतंत्र पोस्टचा आहे, इथे फक्त निवडकपणापुरतं.

तांब्याने सोपं पडतं. चॅन-लॅम पद्धत १९९८ ची: अ‍ॅरिलबोरॉनिक आम्ल दीड ते दोन इक्विव्हॅलंट, कॉपर अ‍ॅसिटेट, ट्रायइथिलअमाइन, डायक्लोरोमिथेन, आणि उघड्या हवेत खोलीच्या तापमानाला २४ तास. इथे हवा लागते, नायट्रोजन लावला तर तांबं परत ऑक्सिडाइज होत नाही आणि थोड्या कॅटॅलिस्टवर भागत नाही. पावसाळ्यात मात्र फिनॉल आणि डायअ‍ॅरिल इथर वाढतात, कारण बोरॉनिक आम्ल अमाइनऐवजी पाण्याशी जुळतं. ४ अँगस्ट्रॉमचे सीव्ह आणि कॅल्शियम क्लोराइडच्या गार्ड ट्यूबमधून येणारी हवा, एवढ्याने फरक पडतो. वर्कअपला अमोनियाच्या पाण्याने निळा रंग जाईपर्यंत धुवा.

पॅलेडियमच्या बुकवाल्ड-हार्टविग पद्धतीत एकावर थांबवण्याचं काम लिगंड करतो. प्राथमिक अमाइनला ब्रेटफॉस, दुय्यमला रूफॉस, हे लक्षात ठेवलं तर पहिल्या फेरीत बरंच काम होतं. ब्रेटफॉसची गर्दी इतकी असते की एकदा अ‍ॅरिल बसलेलं अमाइन पुन्हा पॅलेडियमजवळ येऊ शकत नाही. अ‍ॅरिल ब्रोमाइड १ मिलीमोल, अमाइन १.२, सोडियम टर्ट-ब्युटॉक्साइड १.४ म्हणजे १३५ मिलिग्रॅम, कॅटॅलिस्ट १ मोल टक्का, डायॉक्सेन २ मिलिलिटर, ८० ते १०० अंश. एस्टर असेल तर ब्युटॉक्साइड नको, सीझियम कार्बोनेट घ्या. डायॉक्सेनमध्ये पेरॉक्साइड आहे का ते आधी बघा: सुरक्षेसाठी तर बघाच, पण पेरॉक्साइड फॉस्फिनलाही खातं. सुरुवातीलाच काळा गाळ बसला तर ऑक्सिजन गेलेला नव्हता. आणि ब्रोमीन जाऊन तिथे नुसता हायड्रोजन आला असेल तर पॅलेडियमने अमाइनच्या अल्फा कार्बनवरून, म्हणजे नायट्रोजनला लागून असलेल्या कार्बनवरून, हायड्राइड उचलला आहे. अशा वेळी तापमान वाढवून उपयोग नाही, लिगंड बदला.

एकाच रेणूत अमाइन आणि अल्कोहोल दोन्ही असतील तर २००७ मध्ये बुकवाल्ड यांच्या गटाने दाखवलेला प्रकार मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो. धातू तोच, कॉपर आयोडाइड. बीटा-डायकीटोन लिगंड दिला की अ‍ॅरिल नायट्रोजनवर बसतो, टेट्रामिथिलफेनॅन्थ्रोलीन दिला की ऑक्सिजनवर. लिगंड बदलून रेणूचं दुसरं टोक निवडता येतं.

बॉक, डायअमाइन आणि ब्लँक

बॉक हा अमाइनला तात्पुरतं झाकून ठेवणारा गट. तो ज्यातून बसवतात ते बॉक अ‍ॅनहायड्राइड, म्हणजे डाय-टर्ट-ब्युटिल डायकार्बोनेट, सुमारे २३ अंशांना वितळतं. फ्रीजमध्ये घट्ट, मेमध्ये टेबलावर पातळ. कोमट पाण्यात बाटली धरून वितळवा, ३५ च्या वर नको. जुन्या बाटलीत कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो, झाकण हूडमध्ये सावकाश सोडा.

दोन सारखी टोकं असलेल्या डायअमाइनचं एकच टोक बंद करायचं असेल तर कॅटॅलिस्ट शोधत बसू नका, प्रमाणाने काम होतं. इथिलीनडायअमाइन १०० मिलीमोल म्हणजे ६.० ग्रॅम बर्फात डायक्लोरोमिथेनमध्ये घ्या. बॉक अ‍ॅनहायड्राइड १० मिलीमोल म्हणजे २.१८ ग्रॅम, ५० मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून दोन-तीन तासांत थेंबाथेंबाने सोडा. रात्रभर ढवळून सॉल्व्हंट काढा आणि उरलेल्यात पाणी घाला. दोन्ही टोकं बंद झालेला पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तो गाळून काढा. गाळलेल्या पाण्यातून डायक्लोरोमिथेनने तीन-चारदा एक्स्ट्रॅक्ट केलं की एका टोकाचा पदार्थ येतो. जास्तीचं डायअमाइन पाण्यातच राहतं. इथे थेंबांचा वेग वाढवला की गाळणीवर पांढरा चुरा वाढलेला लगेच दिसतो.

अ‍ॅरोमॅटिक अमाइनवर बॉक बसत नाही म्हणून डीमॅप हा बेस-कॅटॅलिस्ट टाकण्याची सवय आहे. प्राथमिक अ‍ॅनिलिनमध्ये डीमॅप आणि बॉक अ‍ॅनहायड्राइड मिळून आयसोसायनेट होतं, आणि ते उरलेल्या अ‍ॅनिलिनशी जुळून युरिया देतं. फ्लास्कमध्ये अनपेक्षित पांढरा घट्ट पदार्थ बसला तर आधी युरियाचा संशय घ्या.

बॉकसाठी ‘नवा कॅटॅलिस्ट’ सांगणारे पेपर ढिगाने निघतात. अ‍ॅलिफॅटिक अमाइन सॉल्व्हंटशिवाय, कॅटॅलिस्टशिवायही पाच-दहा मिनिटांत बॉक घेतं. म्हणून आपला कॅटॅलिस्ट खरंच काही करतो का, यासाठी ब्लँक लावल्याशिवाय तक्ता भरू नका. तेच अमाइन, तेच तापमान, तोच वेळ, फक्त कॅटॅलिस्ट नाही. घन कॅटॅलिस्ट असेल तर रिअ‍ॅक्शन निम्मी झाल्यावर गरम असतानाच गाळा आणि गाळलेला द्रव पुढे चालू ठेवा. तिथेही उत्पादन वाढत गेलं तर धातू विरघळून काम करतोय आणि ‘पुन्हा वापरता येतो’ हा दावा टिकत नाही.

लायपेज या एन्झाइमबद्दल थोडंच. रॅसेमिक, म्हणजे आर आणि एस या आरशातल्या दोन रूपांची सारखी मिसळ असलेल्या, १-फिनाइलइथिलअमाइनला कॅन्डिडा अंटार्क्टिका लायपेज बी आणि इथिल मेथॉक्सीअ‍ॅसेटेट दिलं तर आर बाजूचं अमाइन अमाइड होतं, एस बाजूचं तसंच उरतं. साध्या इथिल अ‍ॅसेटेटपेक्षा मेथॉक्सीअ‍ॅसेटेट कितीतरी वेगाने चालतं, बीएएसएफने याच एस्टरवर औद्योगिक प्रक्रिया उभी केली. एका बाजूचं उत्पादन ५० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि रिअ‍ॅक्शन ५० च्या पुढे ओढली तर अमाइडची शुद्धता घसरते. एमटीबीई सॉल्व्हंट, ४० अंशांच्या आत, आणि ढवळणं हळू, कारण मॅग्नेटिक बार एन्झाइमच्या मण्यांचा भुगा करतो. शक्य असेल तर शेकर वापरा.

माल औषधाकडे जाणार असेल तर

धातूचा हिशोब आधीच मांडा. औषधांतल्या धातूंच्या मर्यादा ठरवणाऱ्या आयसीएच क्यू३डी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियम आणि रुथेनियम प्रत्येकी दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, तांबं ३,००० पर्यंत. दिवसाचा डोस १० ग्रॅम धरला तर पॅलेडियम १० पीपीएम आणि तांबं ३०० पीपीएम, म्हणजे तांबं धुवायला तीस पट मोकळीक. अमाइन धातूला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे नुसत्या चारकोलने पॅलेडियम जाईलच असं नाही. थायॉल लावलेली सिलिका किंवा एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचा जलीय वॉश जास्त कामाचा. म्हणून शक्य असेल तिथे धातूचा टप्पा शेवटचा ठेवू नका, त्याच्यानंतर निदान एक क्रिस्टलायझेशन यायला हवं.

आणि दुय्यम अमाइन जिथे तयार होतं किंवा उरतं त्या भांड्यात, त्याच्या वॉशमध्ये किंवा परत वापरायच्या सॉल्व्हंटमध्ये सोडियम नायट्राइट येऊ देऊ नका. २०१८ मध्ये व्हॅलसार्टनच्या गोळ्या जगभर परत मागवाव्या लागल्या त्या अशाच: डायमिथिलफॉर्मामाइडमधून आलेलं थोडंसं डायमिथिलअमाइन, अझाइड नष्ट करायला घातलेलं नायट्राइट, आणि त्यातून एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं नायट्रोसामाइन. उरलेलं अझाइड नायट्राइटने मारायचं असेल तर उत्पादनाचा थर आधी वेगळा करा आणि नायट्राइट फक्त पाण्याच्या थरात, वेगळ्या भांड्यात घाला.